गालावरची साय

बाळंतशेपा निखाऱ्यावर पडला की आधी तडतडतो, मग गोड वास सोडतो, आणि तो गोडवा सरता सरता कडवट होत जातो. त्या कडवटपणात ओवा मिसळला, लसणाची सालं मिसळली, की जो धूर उठतो त्याचा मला मनापासून तिटकारा आहे. अकोल्यातल्या आमच्या घराच्या पडद्यांत तो अजून आहे. पडदे मी दोनदा धुतले, उन्हात कडकडीत वाळवले, तरी दुपारी कूलर सुरू झाला आणि ओलसर वारा खोलीभर फिरला की तो वास कुठूनसा उठतो आणि माझ्यासमोर येऊन बसतो, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.

तो वास घेऊन ती बाई सकाळी साडेनऊला येत असे. माझी मुलगी बाळंतपणाला अमरावतीहून माहेरी आली होती, तिला मुलगी झाली होती, आणि बाळाला-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला शेजारणीच्या ओळखीनं ही बाई लावली होती. मुलगी तिला मावशी म्हणायची. मी काहीच म्हणत नसे. आम्ही दोघी जवळपास एका वयाच्या. मी कॉलेजात कविता शिकवण्यात जी वर्षं घालवली, तीच तिनं लोकांची लेकरं पायांवर घेण्यात घालवलेली. ती मला ‘मॅडम’ म्हणे, आणि त्या शब्दात आदर किती आणि गंमत किती, याचा हिशेब मला कधी लागला नाही.

तिचं काहीच मला आवडत नव्हतं. फाटकाची कडी ती वर उचलून सोडून देई. तो लोखंडी ठणकारा आमच्या अख्ख्या गल्लीला कळे. तिच्या बोलण्यात वाक्याची सुरुवात असायची, शेवट असायचाच असं नाही. तिच्या तळहातांना तिळाच्या तेलाचा जुना, मुरलेला वास होता, आणि त्या वासाखाली चुन्याचा. तिचा चहाचा कप वेगळा होता. तो मागच्या खिडकीत उपडा घातलेला असे. तो वेगळा का, हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. तीही बोलली नव्हती. चहा पिऊन ती तो स्वतः विसळायची आणि पुन्हा उपडा घालायची, आणि मला ते खटकत नसे. हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू जिथे जिथे बरी दिसेल, तिथे वाचणाऱ्यांनी त्या कपाकडे पाहावं.

न्हाणीत ती पाटावर बसून पाय लांब पसरायची. नडग्यांच्या खोबणीत बाळ पालथं. कोमट तेलाची धार, मग तिची बोटं: पाठीवरून खाली, कुल्ह्यांवरून टाचांपर्यंत. मग हळद आणि तेल घातलेला कणकेचा गोळा घेऊन ती पाठीवरची, खांद्यांवरची बारीक लव काढायची. बाळ रडायचं. मी दाराशी उभी राहून परीक्षेच्या वर्गात पहारा करावा तशी पाहत असे.

“मॅडम, तुमी अशा उभ्या राह्यल्या का लेकराले वाटते पेपरच हाय त्याचा,” ती एकदा म्हणाली. मुलगी हसली. मी हसले नाही.

तिसऱ्या आठवड्यात बाळाच्या गालावर दाणे आले.

पहिल्या दिवशी तीन होते. मला वाटलं, डास. दुसऱ्या दिवशी दोन्ही गालांवर, कपाळावर, हनुवटीच्या खाली. लाल, मोहरीएवढे, काहींच्या टोकावर पांढरा ठिपका. जन्मतः तिच्या नाकावर जे पांढरे, रव्याच्या कणांसारखे बारीक ठिपके होते, ते हे नव्हेत. ते तोवर विरूनही गेले होते. मला वाटलं, घामोळ्या. चैत्र लागला होता आणि अकोल्याचं ऊन भिंतींतून आत यायला लागलं होतं. मी कूलर बाळाच्या खोलीत सरकवला. पण घामोळ्या येतात त्या गळ्याच्या वळ्यांत, काखेत, जिथे घाम साचतो तिथे, आणि तिथली कातडी तर स्वच्छ होती. दाणे होते ते उघड्या, वारा लागणाऱ्या गालांवर. ती रडली की सगळे एकदम पेटल्यासारखे लाल व्हायचे, झोपली की फिके पडायचे. तिला ताप नव्हता. ती खाजवत नव्हती. दूध नीट पीत होती, आणि पिताना तिच्या घशातून जो छोटा, समाधानाचा आवाज यायचा तो जराही बदललेला नव्हता.

हे सगळं मी आज ओळीनं मांडते आहे. तेव्हा यातलं काहीही मी इतकं नीट पाहिलं नाही. तेव्हा मी घाबरले होते, आणि आपण घाबरलो आहोत हे कुणाला कळू नये म्हणून चिडलेली होते.

बाईनं मात्र पाहिलं. न्हाणीत बसल्या बसल्या तिनं बाळाचा चेहरा उजेडाकडे वळवला, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि म्हणाली, “आता तोंडाले हात नोका लावू कोनी. मीबी नाई लावत. ना तेल, ना पीठ. नुसतं पान्यानं पुसाचं, बस.”

“काय आहे हे?” मुलीनं विचारलं.

“मायच्या आंगातली गर्मी हाय ते. पोटात होती तवा घेतली तिनं तुयापासून, आता बाहेर टाकून राहिली. जाते आपोआप.”

“कधी जातं?” मी विचारलं.

“ते त्याचं त्याले माईत, मॅडम.” आणि ती हसली.

गर्मी! मला त्या एका शब्दानं सगळं कळल्यासारखं झालं: अडाणीपणा, ऐकीव ज्ञान, आणि वर ते हसणं. त्या दिवसापासून तिनं बाळाच्या चेहऱ्याला खरोखरच बोट लावलं नाही. एका धुतलेल्या मलमलीच्या फडक्याचं टोक कोमट पाण्यात बुडवायची, पिळायची, आणि गालांवर नुसतं टेकवायची. मी दाराशी उभी राहून हे रोज पाहत होते. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

रोज दुपारी एक वाजता अमरावतीहून व्हिडिओ कॉल येई. जावयांच्या नावाखाली तो कॉल विहीणबाईंचा असे. पडद्यावर आधी त्यांचा कान दिसायचा, मग कपाळ, मग एकदम सगळा चेहरा, आणि लगेच प्रश्न.

“अवो विहीणबाई, जरा इकडं करा मोबाईल. जवळ आना. ह्या काय पुटकुया?”

“उष्णतेचं आहे,” मी म्हटलं.

“असन. अकोल्याची भट्टीच हाय. आमच्या अमरावतीले नाई होत असं. आमच्या घरी तीन लेकरं झाले, एकाच्या तोंडाले डाग नाई.” मग आवाज खाली आणून, जणू मुलीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, “पोरीची जात हाय. डाग राह्यले म्हंजे?”

“राहणार नाहीत.”

“तुमी तं कविता शिकवत होत्या म्हने. मंग लेकराकडं पाहाले कोन हाय तिथं?”

मी हसून फोन मुलीकडे दिला. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. आयुष्यभर मी वर्गात शब्द तोलून वापरायला शिकवलं, आणि या बाईनं न तोललेल्या एका वाक्यात मला माझ्याच घरात उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी साय लावायला लागले.

बाळ न्हाऊन झोपायचं, मुलगीही दोन तासांच्या झोपेसाठी भिंतीकडे वळायची. मी स्वयंपाकघरात जाऊन दुधाच्या पातेल्यावरची घट्ट साय बोटावर घ्यायची. तिच्यात चिमूटभर हळद, आणि सहाणेवर उगाळलेल्या जायफळाचे दोन वेढे. पाळण्याशी वाकून मी ती थंड, जड साय त्या तापलेल्या गालांवर पसरवायची. तिची कातडी इतकी मऊ होती की बोटाला नीट कळत नसे, साय कुठे संपली आणि बाळ कुठे सुरू झालं. ती झोपेत ओठ चोखायची. जायफळाच्या तुरट, लाकडी वासात तिचा श्वास यायचा, गोडूस आंबट. एवढं कोमल काम मी कधी केलं नव्हतं, आणि ते मी चोरासारखं केलं. तासाभरानं पुसून काढायची, आणि एकच्या आत गालांवर पावडरचा हलका हात फिरवायची. पडद्यावर बाळ गुळगुळीत दिसलं पाहिजे.

दाणे वाढले. सुटे होते ते एकमेकांना मिळाले. चौथ्या दिवशी गालावरून बोट फिरवलं तर जाड रव्यावरून फिरवल्यासारखं वाटलं. माझी खात्री झाली की साय कमी पडते आहे. मी सकाळी आणि संध्याकाळी लावायला लागले.

“आज लई गोरी दिसून राहिली नात,” विहीणबाई म्हणाल्या. “पावडर फासली का?”

“नाही हो.”

“मंग ते कपाळ पाहा. कालच्यापेक्षा जास्ती हाय. मालिश कोन करते? काय फिरवते ते तोंडावरून? हात जड असन तिचा.”

त्या वेळी मुलगी आत होती. माझ्या शेजारी सोफ्यावर आमची शेजारीण बसली होती. तिच्या सुनेला सातवा महिना होता, आणि ह्याच बाईला तिनंही बोलून ठेवलं होतं. पडद्यावर विहीणबाई उत्तराची वाट पाहत होत्या. आणि माझ्या तोंडून एक वाक्य बाहेर पडलं, सहज, नीट घडवलेलं, कुठेही न अडखळणारं.

“पिठाचा गोळा फिरवते तोंडावरून. मी सांगून थकले, ऐकतच नाही.”

“पाहा!” विहीणबाई म्हणाल्या.

“अगं बाई,” शेजारीण म्हणाली.

बोलून झाल्यावर मला लाज वाटली नाही. हलकं वाटलं. दोष कुणावर तरी जाऊन बसला होता आणि माझ्या खांद्यावरून उतरला होता. आणि एकदा बोलल्यावर ते खरं करून दाखवणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी झोपलेली असताना कडीचा ठणकारा ऐकून मीच फाटकाशी गेले. बाळ माझ्या खांद्यावर होतं. बाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. तिच्यात तेलाची बाटली, फडकी, कागदात बांधलेला ओवा.

“उद्यापासून येऊ नका,” मी म्हटलं. “आजही नको.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं, तरी तिनं हात आडवा धरला नाही. तिनं फक्त कारण विचारलं.

“कावून?”

“तुमच्या त्या गोळ्यानं बाळाचं तोंड खराब झालं.”

ती पुढे आली, बाळाकडे झुकली, तिच्या कानामागे नाक नेलं आणि एक लांब श्वास घेतला. मला वाटलं ती पापा घेते आहे. मी बाळाला मागे ओढलं.

“तोंडाले म्या हात नाई लावला, मॅडम. तुमी रोज पाहूनच राहिल्या होत्या.”

“मला वाद घालायचा नाही.”

“बरं.” तिनं पिशवी उचलली. मग थांबून म्हणाली, “बाळंतिणीचा शेक नोका बंद करू. अजून पंधरा दिवस लागते तिले.” आणि फाटक ओढून घेतलं. त्या दिवशी कडी वाजली नाही. तिनं ती हातानं हळूच बसवली.

मुलीला मी सांगितलं, “मोर्शीला तिच्या भाचीचं लग्न आहे. पंधरा दिवस येणार नाही म्हणाली.”

“मला काही बोलल्या नाहीत मावशी,” मुलगी म्हणाली.

शेजारणीच्या तोंडात एक गोष्ट गेली की ती गल्लीत किती वेळात पोचते, हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या रांगेत आणखी दोन घरी तान्ही बाळं होती, आणि दोन्हीकडे तीच बाई जात असे. रोज आमच्याकडून निघाली की त्या दोन फाटकांचे ठणकारे मला ऐकू यायचे, एक लगेच, दुसरा तासाभरानं. चार दिवसांनी एक थांबला. आठवड्यानं दुसरा. शेजारणीनं सुनेसाठी बोलून ठेवलेलं मोडलं, आणि तसं मला येऊन सांगितलंही, मी खूश होईन अशा आवाजात: “बरं झालं मॅडम, तुमी येळेवर बोलल्या. पैलटकरीण हाय आमची, असल्या हातात कसं द्यावं लेकरू?” तान्हं लेकरू कुणाच्या हातात द्यायचं, हे भाव किंवा पाटी पाहून ठरत नाही, एका घरानं दुसऱ्या घराला सांगितलेल्या वाक्यावर ठरतं. त्या बाईचं आयुष्यभराचं नाव तसल्या वाक्यांवरच उभं होतं. माझ्या एका वाक्यानं ते आमच्या गल्लीतून काढून टाकलं होतं. गल्ली शांत झाली होती. मला तर शांतता आवडते.

बाळ पाच आठवड्यांचं झालं तरी गाल तसेच. विहीणबाईंनी फर्मान काढलं: “आमच्या डॉक्टरले दाखवा. उद्याच या.” जावयांनी गाडी पाठवली. निघण्यापूर्वी, पहाटेच्या घाईत, मी शेवटचा उपाय म्हणून थोडी साय लावली आणि मूर्तिजापूर येईपर्यंत ओल्या रुमालानं टिपत राहिले. मुलगी पुढच्या सीटवर झोपली होती. बडनेऱ्याच्या अलीकडे मी पावडर लावली.

डॉक्टर तरुण बाई होत्या. केबिनमध्ये आम्ही तिघी, मी, मुलगी आणि विहीणबाई, एका रांगेत बसलो. डॉक्टरांनी कापसाचा ओला बोळा बाळाच्या भुवईवरून फिरवला आणि उजेडात धरला. बोळा पिवळा झाला होता.

“काय लावता चेहऱ्याला?”

“काहीच नाही,” मुलगी म्हणाली. “आमच्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तोंडाला हात लावू नका. त्या स्वतःसुद्धा लावत नव्हत्या. नुसतं पाणी.”

“बरोबर सांगितलं त्यांनी. मग ही हळद कुठून आली?” त्यांनी बोळा नाकाशी नेला. “आणि साय आहे ही. वर पावडर.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. ती काही विचारत नव्हती. तिला कळलं होतं.

डॉक्टर शांतपणे समजावत गेल्या. ही नवजात बाळाची मुरुमं. पोटात असताना आईच्या शरीरातली हार्मोन्स बाळाच्या अंगात उतरतात, जन्मानंतर काही काळ ती तिथे राहतात, त्यांच्यामुळे कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जाग्या होतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात असे दाणे येतात. पुष्कळ बाळांना येतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत, डाग ठेवत नाहीत. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप जातात. दिवसातून एकदा साध्या कोमट पाण्यानं पुसायचं, टिपून कोरडं करायचं. तेल, साय, क्रीम, पावडर, काही नाही. दाणे दाबायचे तर मुळीच नाहीत. पाण्यानं भरलेले फोड आले, ताप आला, दूध पिणं कमी झालं, किंवा हे महिनोन्महिने गेलंच नाही, तर मात्र दाखवायला आणा.

मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात दुसऱ्याच आवाजात तेच वाक्य चाललं होतं. मायच्या आंगातली गर्मी हाय ते. पोटात होती तवा घेतली. जाते आपोआप. दोन्ही वाक्यांत अर्थाचा केसाइतकाही फरक नव्हता. एक मी मान खाली घालून ऐकत होते, आणि दुसरं बोलणारीला मी फाटकातून परत पाठवलं होतं.

“मंग,” विहीणबाई माझ्याकडे वळून, अगदी मोकळ्या आवाजात म्हणाल्या, “तुमी तं म्हनल्या ना, ती बाई गोळा फिरवते तोंडावरून?”

“कोण गोळा फिरवते?” मुलगी म्हणाली.

मी टेबलावरच्या पिवळ्या बोळ्याकडे पाहत राहिले.

“मावशी मोर्शीला नाही गेल्या,” मुलगी म्हणाली.

“नाही.”

“तू काढलंस त्यांना.”

“हो.”

सासरच्या घरी ती सरळ आपल्या खोलीत गेली आणि बाळाला पाजून बाहेर आली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “मी इथंच राहते, आई. तू आधी मावशींना परत बोलाव. आणि ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांना खरं काय ते सांग. तोवर मी अकोल्याला येत नाही. आणि बाळाला उचलायचंही नाहीस तू.”

विहीणबाई माझ्यापुढे चहाचा कप ठेवून म्हणाल्या, “घ्या विहीणबाई. गाळून घेतला. साय नाई त्याच्यात.”

मी तो चहा प्यायले. खूप गोड होता. एसटीनं एकटी परत आले.

घरी आल्यावर मी शेजारणीकडे गेले. वाटेत वाक्य तयार केलं होतं, आणि दारात पोचेपर्यंत ते अर्धं झालं. “डॉक्टर म्हणाल्या, ते मालिशमुळे नव्हतं,” मी सांगितलं. “बाईची काही चूक नव्हती.” साय माझी होती, पावडर माझी होती, गोळ्याची गोष्ट मी रचली, हे माझ्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

“असू द्या ना, मॅडम,” शेजारीण म्हणाली. “आमी आता दुसरी लावली. आन खरं सांगू, तिचा हात तसाबी जडच होता.” तिच्या घरी त्या बाईनं अजून एकाही लेकराला हात लावला नव्हता.

दोन आठवड्यांनी अमरावतीहून फोटो आला. मुलीनं नव्हे, विहीणबाईंनी पाठवला होता, खाली एकही शब्द न लिहिता. बाळाचे गाल जवळजवळ साफ झाले होते. तो फोटो घेऊन मी मोर्णा नदीपलीकडे त्या बाईचं घर विचारत गेले.

घर छोटं होतं, रंग नवा. दोरीवर पांढराशुभ्र, खळ केलेला गणवेश वाळत होता. तिची मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, हे मला त्या दिवशी कळलं. इतके दिवस ती माझ्या घरी येत होती आणि मी कधी विचारलं नव्हतं. बाई ओट्यावर बसून अंबाडीची भाजी निवडत होती. पानांचा आंबट, हिरवा वास हवेत होता. ती उठली नाही. बसा म्हणाली, पण पाणी विचारलं नाही. वऱ्हाडात दारी आलेल्याला पाणी न विचारणं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

मी मोबाईल पुढे केला. तिनं हात साडीला पुसले, फोटो जवळ घेतला आणि खूप वेळ पाहत राहिली. बाळाच्या कपाळावरून, गालांवरून तिची नजर तशीच फिरली जशी न्हाणीत फिरायची.

“झालं ना साफ,” ती म्हणाली.

“हो. डॉक्टरांनी तेच सांगितलं, जे तुम्ही सांगितलं होतं. चूक माझी होती. मी साय लावत होते.”

“माईत हाय मले.”

“कुणी सांगितलं?”

“सांगाले कावून पायजे? लेकराच्या कानामांगं सायीचा वास येत होता. जायफयाचाबी. तुमी फाटकात उभ्या होत्या तवा घेतला मी वास.”

मला तो लांब श्वास आठवला, आणि बाळाला मागे ओढणारे माझे हात.

“मग तेव्हाच का नाही बोललात?” मी म्हटलं. “माझ्या मुलीला हाक मारून सांगायचं होतंत.”

“अवो, बाळंतीन होती ते. महिना झाला नवता. मायचं असं आयकलं असतं तं जिवाले लावून घेतलं असतं तिनं. दूध आटते त्यानं.” तिनं एक देठ मोडला. “लेकराचं नुकसान माह्या हातानं कावून करू मी?”

ती निवडत राहिली. चांगली पानं टोपलीत, देठ जमिनीवर, एका लयीत.

“शेजारच्या बाईले सांगतलं का, साय कोनं लावली ते?” तिनं वर न पाहता विचारलं.

“तुमची चूक नव्हती, एवढं सांगितलं.”

“हं.”

मी बोलायला लागले. तुम्ही हो म्हणालात तर मुलगी लगेच परत येईल, म्हटलं. तिला तुमच्याशिवाय दुसरी नको आहे. जे झालं ते विसरून जा, म्हटलं. नेहमीच्या वेळेला या, साडेनऊला; तुमचा कप आता मी आत ठेवीन. बोलता बोलता माझ्या लक्षात येत होतं की यातलं प्रत्येक वाक्य मला काय हवं आहे याबद्दलच आहे. तरी मी ते शेवटपर्यंत नेलं, कारण वाक्य पूर्ण करायची मला सवय आहे.

“उद्यापासून याल ना?”

तिनं हातातली जुडी टोपलीत ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. फाटकाशी, उन्हात, विचारलं होतं त्याच स्वरात, मला उत्तराची पूर्ण मुभा देत, तिनं विचारलं,

“कावून?”